दामूशेटच्या बंबाचा मान

आमच्या घरात सूड रोजच्या भाकरीबरोबर वाढला जात असे, आणि तो शिळा झाला म्हणून कुणी टाकून दिल्याचं मला आठवत नाही. हे मी आज लिहिते आहे, शाळेतल्या पोरींना आयुष्यभर क्षमेचे धडे शिकवून झाल्यावर. धडे चांगलेच होते. मी ते मन लावून शिकवले, आणि शाळा सुटल्यावर घरी येऊन आईचंच ऐकलं.

आमची वस्ती कुंभारांची, कोल्हापुरात रेल्वे ठेसनाच्या अंगाला. घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर. परड्यात मडकी भाजायचा आवा, दोन गाढवं, आणि परडं जिथं संपे तिथं एक उंच दगडी भिंत. भिंतीपलीकडे दामूशेटची गिरण. तिथं कापसातली सरकी निघे आणि रुईचे गठ्ठे बांधले जात. आमच्या बाजूला बाच्या थापटण्याचा आवाज आणि पलीकडे गिरणीचा घरघराट, असे दोन आवाज दिवसभर एकमेकांत मिसळलेले असत. भोंगा झाला की आई तवा चुलीवर ठेवायची. जोंधळ्याची भाकरी, अंबाड्याची भाजी, लसणीचा खर्डा आणि असलं तर ताक. बा जेवताना बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं हातात होतं. ओल्या घागरीच्या आत एक हात गोटा धरून राही, बाहेरून दुसरा हात थापटणं मारी, आणि घागरीचं पोट असं फुगत जाई की बघणाऱ्याला वाटावं, ती आपणहूनच श्वास घेते आहे. बाजारात बायका घागर टिचकी मारून घेत. बाची घागर असली की टिचकी न मारता घेत.

दामूशेट हा माणूस मला आजही डोळ्यांसमोर हवा तेव्हा उभा करता येतो. गोरा, गुबगुबीत, कानात भिकबाळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय, जणू मागं कुणीतरी जास्त महत्त्वाचं माणूस येतंय. कापूस म्हणजे पेटायला टपलेली वस्तू, त्यामुळे गिरणीला आगीची भीती खरीच होती. पण शेटनं विलायतेहून बंब मागवला तो भीतीनं कमी आणि हौसेनं जास्त. तो ठेसनावर उतरला तेव्हा बँड लावला होता. लाल रंग, पितळेच्या कडा, पुढं दोन घोडे जुंपायची सोय आणि दोन्ही बाजूंना लांबलचक दांड्या. त्या दांड्या माणसांनी धरून वरखाली हाणायच्या, तेव्हा कुठं विहिरीतलं पाणी नळीतून उडणार. या हाणण्याला दम लागतो म्हणून शेटनं तालमीतले पैलवान नोकरीला ठेवले. त्यांना लाल कोट दिले आणि डोक्याला पितळी टोप. आमच्या उन्हात ते टोप असे तापत की पैलवान आतून ओलं फडकं घालून फिरत. आगीवर जाणाऱ्या माणसाचं डोकं आधीच भाजून ठेवायची ही कल्पना कुणाची, ते मला पुढं पुष्कळ वाचूनही सापडलं नाही. खंडेनवमीला बंबाची शस्त्रासारखी पूजा होई. नारळ फुटे, हळदकुंकू वाहिलं जाई, आणि शेट टोप घालून त्याच्याशेजारी बसून फोटो काढून घेई.

घोडे शिकवायचं काम हुसेनचाचा मोतद्दाराकडे होतं. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत. आईला वहिनी म्हणत आणि ईदला शिरखुर्मा आमच्याच घरच्या मडक्यातून झाकून पाठवीत. घोड्यांची तालीम सोपी होती. गिरणीच्या दारात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्यावर हातोड्यानं न थांबता टोल पडू लागले की घोडे सोडायचे, ते धावत विहिरीपाशी गेले की त्यांना गुळाचा खडा द्यायचा. थोड्याच दिवसांत टोल पडला की घोड्यांना आवरणं कठीण झालं. त्यांना आगीचं काही नव्हतं. त्यांना रूळ वाजला की विहिरीजवळ गूळ असतो एवढंच माहीत, आणि विश्वास म्हणावा तर असा.

आग लागली ती शिमग्यानंतर, दुपारी, वारा सुटलेला असताना. गिरणीच्या आवारात कुठंतरी रुई पेटली आणि तिचा एक जळता पुंजका वाऱ्यानं भिंतीवरून आमच्या पाचटावर येऊन बसला. मी परड्यात माती तुडवत होते. मी तो पुंजका येताना बघितला. इतका हलका, इतका निवांत आला की मला तो सुंदर वाटला. मग छप्पर सुं सुं करू लागलं. पलीकडे टोल वाजले, घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, दांड्या खडखडू लागल्या आणि गल्लीतल्या बायका ओरडल्या, "आला, बंब आला!" खरोखरच आला. भिंतीच्या पलीकडे येऊन थांबला. पाण्याची धार उंच उडाली, भिंतीच्या माथ्यावर पडली आणि तिथंच पडत राहिली. आमचं घर जळत होतं आणि दामूशेटचा बंब आपली भिंत ओली करीत होता, आमची आग परत त्यांच्या कापसाला लागू नये म्हणून. माथ्यावरून निथळून जेवढं पाणी आमच्या अंगाला आलं, त्याचं परड्यात डबकं झालं. आई त्या डबक्यातून तांब्यानं पाणी घेऊन छपरावर मारत होती.

मध्येच ती तांब्या टाकून गिरणीच्या दाराकडे धावली. मी तिच्या मागं. दार बंद होतं. शेट शिडी लावून भिंतीवर चढला होता, डोक्यावर टोप, हातात शिट्टी.

"शेट, बंब भाईर काढा! दार उघडा! दोन हात लांब हाय की घर माजं!"

शेटनं सवयीप्रमाणे तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. "आक्का, कंपनीचा बंब कंपनीपुरता हाय. आज तुज्यासाठी काढला तर उद्या सारं गाव बोलवंल. मग आमी धंदा करायचा का गावाची चूल इझवत फिरायचं?"

"चूल न्हाई शेट, घर हाय!"

"मग लोकं बोलव. माणसं न्हाईत व्हय तुमच्यात?"

आम्ही परत आलो तेव्हा बा आत गेला होता. गाढवं मागच्या वळचणीला बांधलेली होती आणि ओढून ओढून त्यांनी दाव्याच्या गाठी दगडासारख्या करून घेतल्या होत्या. विळा सापडेना. वरून जळतं पाचट पडत असताना बा त्या गाठी बोटांनी सोडवत बसला. गाढवं बाहेर आली. त्यांच्या मागून बा आला, दोन्ही हात पुढं धरून, जसे ओली घागर नेताना धरायचा. गाढवं पुढं पुष्कळ वर्षं जगली. हात मात्र गेले. जखमा भरल्या, पण बोटं आत वळली ती वळलीच. चाकावर मातीचा गोळा ठेवून तो एकदा बसला, गोळा त्याच्या हातांखालून निसटून भिंतीला जाऊन चिकटला, आणि तो उठला. त्यानंतर आमच्या घरात थापटण्याचा आवाज झाला नाही.

मी पुढं वाचलं की विलायतेतसुद्धा एकेकाळी विमा कंपन्यांचे आपापले बंब असत, आणि ते आपल्या घरांकडे आधी बघत. म्हणजे दामूशेट काही राक्षस नव्हता, जगाच्या रीतीनंच वागला. हे मी एकदा आईला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग तितल्या बायका काय करत व्हत्या?" ते पुस्तकात नव्हतं.

घर मामानं आणि गल्लीनं मिळून परत उभं केलं. भिंती आईनं स्वतः रचल्या, मी माती तुडवली. बाचं चाक थांबलं म्हणून माझं ठरलेलं लग्न मोडलं. पावणे म्हणाले, कुंभाराची मुलगी करायची तर बापाचा हात चालता हवा. हात मोडलेल्या कुंभाराच्या पोरीला काय करायचं, हा प्रश्न मामानं मला मुलींच्या शाळेत घालून सोडवला, कारण त्या दिवसांत महाराजांच्या राज्यात शाळेला फी पडत नव्हती. म्हणजे मला अक्षर मिळालं ते त्या आगीमुळे. त्याबद्दल मी दामूशेटचे आभार मानायला हवेत. मी मानत नाही.

शाळेत गेल्यावर दुसऱ्याच वर्षी दामूशेट तिथं आला. शाळेला टोल नव्हता, तो त्यानं दान केला. दान म्हणजे काय, तर गिरणीच्या दारातल्या रुळाचा उरलेला अर्धा तुकडा. पण त्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं, मंडप होता, हार होते, आणि आम्ही पोरी रांगेत उभ्या राहून स्वागतगीत म्हणत होतो. शेट बोलला की, आपण समाजाचे विश्वस्त आहोत आणि संपत्ती ही पाण्यासारखी वाहती हवी. पाण्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकताना माझा सूर चुकला नाही, याचा मला अजून राग येतो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनलीस त्येच्यापुढं?" तिनं मला ते सगळं गाणं म्हणायला लावलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाली, "गळा बरा हाय तुजा," आणि पीठ मळू लागली. मी शाळेच्या अगदी जवळच्या वाटेनं सगळ्यांआधी पोचत असे, म्हणून टोल द्यायचं काम बाईंनी मला दिलं. रोज सकाळी दामूशेटचं नाव हातोड्यानं बडवायचं. एवढ्यावर माझं समाधान झालं असतं. आईचं झालं नसतं.

एके दिवशी हुसेनचाचा बाही फाटलेली, गुडघा फुटलेला असे आमच्या दारात आले आणि हसत हसतच बसले.

"वहिनी, आज मेलतो बघा. घोडी नाल मारायला नेलती शाळंवरनं. ही बया तितं टोल दीत व्हती सुट्टीचा, घणाघणा. मी म्हनलं, आता काय नवीन? तर दोघं बी उधळली की! मला फरफटत न्हेलं त्या कोपऱ्यावरच्या आडापातूर. आणि आडापाशी थांबून माज्या तोंडाकडं बगत्यात, गूळ काड म्हनून!"

बा सुद्धा हसला. मी पोट धरून हसले. आई हसली नाही. आई हसली नाही की मला भीती वाटत असे. तिनं चाचांच्या गुडघ्याला हळद लावली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, दसऱ्याला बंब मिरवनूकीत असनार म्हनत्यात, खरं हाय?"

"खरं हाय की. शेटनं किती उंबरे झिजवल्यात त्यासाठी. स्वारीच्या मागनं, शेवटच्या गाड्यांत. पर मान मिळाला."

"आन् लगाम तुमच्या हातात असनार?"

"छ्या! शेटचा भाचा बसनार. त्येला फोटो काडून घ्यायचाय. मला म्हनला, तू गिरणीतच थांब, तुजा अवतार मिरवनुकीजोगा न्हाई." चाचांनी मान वर केली. "का वो वहिनी?"

"उगंच," आई म्हणाली.

दसऱ्याची स्वारी सोनं लुटायला निघे ती आमच्या शाळेवरून जाई. आम्हां पोरींना स्वच्छ कपडे घालून आवारात रस्त्याकडेला उभं करीत. निघताना आईनं माझ्या वेणीला तेल लावलं, झेंडूचं फूल खोवलं आणि कानाशी म्हणाली, "बंब समूर आला की दे. मोठ्या बाई थांब म्हनस्तोवर थांबू नगंस." तिनं मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला इतकी स्पष्ट आज्ञा पुन्हा कुणी दिली नाही.

स्वारी आली. हत्ती गेले, घोडेस्वार गेले, वाजंत्री गेली, महाराजांचं दर्शन झालं, चवऱ्या, अबदागिऱ्या, मानकरी, त्यांचे मान, त्यांच्या मानांचे वाद. मिरवणुकीत कोण कुणाच्या पुढं यावर आमच्याकडे माणसं पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत. सगळ्यांत शेवटी बंब आला. पितळ इतकं घासलेलं की डोळे दिपावेत. वर मधोमध दामूशेट बसला होता, जरीचा मंदील, खांद्यावर शेला, आणि तो दोन्ही बाजूंना अशी मान लववत होता की लोकांना वाटावं, दसरा त्याच्याचकडून निघालाय. पुढं भाचा लगाम धरून छाती काढून बसलेला. मी हातोडा उचलला आणि टोल दिला. एक नाही. देतच राहिले.

घोड्यांचे कान उभे राहिलेले मी पाहिले. मग भाचा मागं कलंडला, एका पैलवानाचा टोप रस्त्यावर घरंगळत गेला, आणि मिरवणुकीत मुंगीच्या पावलानं चाललेला तो सगळा लाल-पितळी थाट एकदम बाणासारखा सुटला. कडेची माणसं बाजूला झाली, गाड्या वळल्या, आणि बंब ठेसनाच्या रस्त्यानं धूळ उडवत दिसेनासा झाला. शेटचा मंदील मात्र शाळेच्या कुंपणापाशी राहिला. मोठ्या बाई धावत आल्या, "अगं, हे काय!" मी म्हणाले, "बाई, स्वारीच्या मानासाठी." मला शाबासकी द्यावी की थप्पड, हे त्यांचं नक्की होईना, तेवढ्यात मी घरी पळाले. पुढचं हुसेनचाचांनी सांगितलं. आडापाशी गूळ नसतो हे घोड्यांना एकदाच कळलं होतं, ते थेट गिरणीच्या विहिरीवर येऊन थांबले. शेट उघड्या डोक्यानं दांडीला मिठी मारून बसलेला. चाचांनी आधी घोड्यांना गूळ दिला आणि मग शेटला खाली उतरवला. "घोड्यांचा काय गुन्हा?" ते म्हणाले.

सूड असा गोड लागला तो एक दिवस. दुसऱ्या दिवशी गावात बातमी आली की महाराज खूश झाले. त्यांना घोड्यांचा नाद, आणि उधळलेलं जनावर कुठलं नि शिकवलेलं कुठलं हे त्यांना चांगलं कळत असणार. पण दरबारात कुणीतरी असं मांडलं की, बघा काय तयारी, टोल ऐकताच राजाची स्वारीसुद्धा सोडून बंब आगीकडे धावला! शेटला बोलावणं गेलं. तो घरात दडून बसला होता, अपमान झाला म्हणून. तिथं गेल्यावर त्याला शेला-पागोटं मिळालं आणि हुकूम मिळाला. मी घरी येऊन रडले. "आये, त्येलाच मान मिळाला की गं!"

"कसला?"

"शहरात कुठंबी आग लागली तर त्येचा बंब जायचा. आणि शेटनं स्वतः बंबावर बसून जायचं. पेठेपेठेत रूळ टांगणार हायेत."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मग ती हळूहळू हसू लागली आणि भाकरी तव्यावर टाकताना तिला ती नीट पसरता येईना. "स्वतः जायचं?" तिनं पुन्हा विचारलं. "जेवताना टोल पडला तर?"

"तरीबी."

"देव हाय म्हनायचा," आई म्हणाली.

त्यानंतरची काही वर्षं आमच्या घरात कमालीच्या आनंदाची गेली. कोल्हापूर हे पाचटाचं, कडब्याचं आणि गुऱ्हाळांच्या चिपाडाचं गाव. उन्हाळ्यात इथं काहीतरी पेटतच असतं. टोल पडले की आई गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राही. पहिल्यांदा शेट मंदील घालून जाई. मग मंदिलाला वेळ पुरेना म्हणून पागोटं. मग टोपी. एका पावसाळ्याआधी तो उघड्या डोक्यानं, तोंडातला घास चावत जाताना आम्ही बघितला. गंजी पेटली की जायचा, तट्ट्या पेटल्या की जायचा, आणि कुणी मुद्दाम टोल वाजवला तरी जायचा. तेही होत असे. आमच्या गल्लीतली पोरं त्यात पुढं होती आणि आई त्यांना शेंगा देई. शेट अंगानं उतरला, काळवंडला, त्याच्या भुवया जळाल्या. माणूस बोलताना समोर बघू लागला. आणि इथंच आईचा आनंद आंबत गेला. कारण लोक त्याला दुवा देऊ लागले. बागवानांच्या गल्लीतलं एक पोर त्यानं स्वतः धुरातून काढलं म्हणे. मी तोवर शाळेत शिकवू लागले होते आणि मला वाटू लागलं होतं की चला, शिक्षा पुरे झाली, माणूस सुधारला. आईला मी तसं म्हणाले. तिनं बाच्या ताटातला घास कालवून त्याच्या तोंडाशी नेला आणि मला म्हणाली, "ह्येचं बोट सरळ झालं की सांग."

मग आमच्या घरी पुन्हा आग लागली. भर दुपारी, वाऱ्याचीच वेळ. यावेळी दोष कुणाचा नव्हता. शेजारच्या आव्यातली ठिणगी उडाली एवढंच. मी आधी गाढवं सोडली, बाला बाहेर आणलं, आईनं पितळी आणि देव बाहेर काढले. कोपऱ्यावरचा टोल कुणीतरी देत होतं. गिरणीचं दार उघडलं, बंब बाहेर आला आणि गल्लीत शिरला. बंब आमच्या गल्लीत मी पहिल्यांदाच बघत होते. शेटनं उडी मारली, नळीचं तोंड स्वतःच्या हातात घेतलं आणि ओरडला, "हाणा रे!" पैलवान दांड्यांना भिडले. नळी फुगली. आई दारात जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर छपराची कड तडतडत होती.

"आक्का, बाजूला व्हा."

"तुजं पानी माज्या घराला लावायचं न्हाई."

"अवो, भाजाल! बाजूला व्हा म्हंतो!"

"मी दार सोडत न्हाई. मार पानी मला. मार की."

नळीचं तोंड खाली झुकलं. पाणी गल्लीच्या मातीत वाहू लागलं. बा म्हणाला, "अगं, घर हाय आपलं." आईनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं. मी तिचा पदर धरून ओढत होते. मी शिकलेली मुलगी होते, मला क्षमेची थोरवी पाठ होती, आणि खरं सांगायचं तर मी पुरेशा जोरानं ओढत नव्हते.

शेट तिच्यासमोर उभा होता. आता तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत नव्हता. "आक्का," तो म्हणाला, अगदी हळू, "चुकलं माजं तवा."

"तवा भित वली केलीस," आई म्हणाली. "आता बी भितच वली कर. शेजारच्यांची. त्येंचं वाचव. माजं जळू दे, आन् तू बघ."

छपराची कड खाली येऊ लागली तेव्हा हुसेनचाचांनी तिला कवेत घेऊन उचलून बाहेर आणलं. तरी ती ओरडत होती, "पानी न्हाई! माज्या घराला पानी न्हाई!" मालकीण नको म्हणते तर काय करायचं, हे कुठल्याच हुकमात नसावं. शेटनं नळी फिरवली आणि शेजारच्या भिंतीवर धार धरली, आणि ती भिंत, आणि तिच्या पलीकडची, अशी वस्ती वाचवली. आमचं घर त्याच्या डोळ्यांसमोर जळालं. ज्या भिंती आईनं हातानं रचल्या होत्या, त्या तेवढ्या उभ्या राहिल्या, आतून काळ्या. शेट शेवटपर्यंत तिथंच उभा होता. मग बंब गेला.

आम्ही दोन पावसाळे मामाच्या सोप्यात काढले. आईनं त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. बंब पुढं म्युनिसिपालिटीनं घेतला, शेट वारला, त्याच्या मागं लोक हळहळले. मी कधी आईला विचारलं नाही की तू चुकलीस का. माझ्या शाळेतल्या कुठल्या मुलीनं हा प्रश्न मला विचारला असता तर मी तिला काय उत्तर दिलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

आई फार म्हातारी होऊन गेली. शेवटच्या आजारात तिला दिवसाही नीट दिसत नव्हतं. एका दुपारी मी तिला पेज पाजत होते. तिनं चमचा हातानं बाजूला केला आणि विचारलं, "घर जळालं तवा शेट रडत व्हता का गं? धुरात मला दिसलं न्हाई."

धुरात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाच्या, चाचांच्या, पैलवानांच्या, माझ्या.

"व्हय," मी म्हणाले. "लई रडला."

तिनं तोंड उघडलं आणि उरलेली पेज संपवली.